बातम्या दाखवता, मग डमीही दाखवा!

सरकारी ॲपबद्दल ओरड झाली की दोनच उत्तरं येतात. पहिलं : "तांत्रिक अडचण होती, दुरुस्त केली आहे." दुसरं, जरा शिकलेल्या साहेबांचं : "कोड खुला करू, मग बघा कोणाला काय बघायचं ते." दोन्ही उत्तरं अर्धी आहेत. आणि आपण अर्ध्या उत्तरावर मान हलवून घरी येतो, म्हणून हे असंच चाललंय.

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. पण तुमची पीक नोंद, पीक विमा किंवा कापसाची विक्री मोबाइलवर अडकलेली असेल तर दहा मिनिटं काढाच.

मी काही इंजिनियर नाही. पत्रकारितेची पदविका केली आणि वीस वर्षं जिल्ह्याच्या बातम्या केल्या. पण हा विषय समजायला कॉम्प्युटरची डिग्री लागत नाही. पेपर कसा निघतो एवढं माहीत असलं तरी पुरतं.

संध्याकाळी आमच्या सर्व्हरवर शे-दीडशे बातम्या पडलेल्या असतात. दर्यापूरची, अकोटची, मूर्तिजापूरची, चांदूर बाजारची. त्या सगळ्या अंकात जात नाहीत. कोणती बातमी कोणत्या पानावर, कोणत्या आवृत्तीत, हे डमी ठरवते. अमरावतीच्या अंकात अमरावतीचं पान, अकोल्याच्या अंकात अकोल्याचं; देश-विदेशाचं पान दोन्हीकडे तेच. रात्री उशिरा मोठी बातमी आली तर सगळी पानं कोणी नव्याने लावत नाही. जे पान बदललं तेवढ्याचीच प्लेट नवी, बाकीच्या जुन्याच. आणि डाक आवृत्ती तोवर गाडीत बसून धारणीच्या रस्त्याला लागलेली असते. तिथल्या वाचकाच्या हातात जुनंच पान पडतं.

आता यातून तीन गोष्टी ध्यानात ठेवा. बातमी लिहिली म्हणजे ती छापली असं नसतं. बातमी दुरुस्त केली म्हणजे वाचकाच्या हातातल्या अंकात ती दुरुस्त झाली असंही नसतं. आणि कोणती आत गेली, कोणती बाहेर राहिली, हे बातमीवर लिहिलेलं नसतं. ते डमी पाहूनच कळतं.

सॉफ्टवेअरचं अगदी हेच आहे. प्रोग्रामर माणसाला वाचता येईल अशा भाषेत जे लिहितो तो सोर्स कोड. एका ॲपच्या अशा शेकडो फायली असतात. यंत्राला ती भाषा कळत नाही, म्हणून त्या फायली यंत्राच्या भाषेत बदलाव्या लागतात. त्याला कंपाइल करणं म्हणतात. मग सगळं जोडून एक पॅकेट तयार होतं आणि ते तुमच्या मोबाइलमध्ये उतरतं. हे काम कोणी हाताने करत बसत नाही. त्यासाठी बिल्ड टूल नावाचं अवजार असतं आणि त्या अवजाराला एक फाइल दिलेली असते : या फायली घे, त्या सोड, हा भाग फक्त चाचणीसाठी, हा खऱ्या वापरासाठी. ही बिल्ड फाइल म्हणजे आमची डमी.

यातलं सगळ्यात नावाजलेलं अवजार म्हणजे 'मेक'. १९७६ साली अमेरिकेच्या बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते तयार केलं. ते का केलं, हे ऐकण्यासारखं आहे. त्यांच्या एका सहकाऱ्याची अख्खी सकाळ एका चुकीच्या मागे गेली. प्रोग्राम काही केल्या नीट चालेना. शेवटी कळलं की चूक आधीच दुरुस्त झाली होती, पण दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइलच झाली नव्हती. कागदावर सगळं बरोबर, चालत होता मात्र जुनाच माल.

'मेक' त्यावर साधा उपाय करतं. प्रत्येक तयार मालापुढे तो कशापासून बनतो याची यादी लिहायची. 'मेक' दोन्हींची वेळ पाहतं. कच्चा माल तयार मालापेक्षा नवा असेल तरच तेवढं पुन्हा बनवतं, बाकीच्याला हात लावत नाही. तासांचं काम मिनिटांत होतं. पण यादीत एखादा दुवा लिहायचा राहिला, तर मूळ फाइल बदलूनही तयार माल जुनाच राहतो, आणि 'मेक' खुशाल सांगतं की सगळं ताजं आहे.

आज अँड्रॉइडची ॲप मुख्यतः 'ग्रेडल' या अवजाराने बांधतात. त्यात एकाच कोडातून दोन-तीन 'फ्लेवर' काढता येतात. एका फ्लेवरमध्ये एक फोल्डर आत, दुसऱ्यात तेच बाहेर. लिनक्सच्या गाभ्यात तर एका अक्षराचा खेळ आहे. एखाद्या भागापुढे 'वाय' असेल तर तो आत जातो, 'एम' असेल तर वेगळा सुटा भाग बनतो, काहीच नसेल तर त्याच्या फायली जागेवर पडून राहतात. म्हणून तोच लिनक्स फोनमध्येही चालतो आणि महासंगणकातही.

निवड करावीच लागते, त्याला माझी हरकत नाही. जिनिंगमध्येही आलेला सगळा कापूस एकाच गाठीत दाबत नाहीत. पण गाठीवर निदान नंबर असतो, कोणत्या फॅक्टरीची, कोणत्या प्रतीची हे विचारता येतं. सरकारी ॲपच्या बाबतीत हे विचारायची सोयच नसेल, तर "कोड खुला आहे" या वाक्याला काही अर्थ राहत नाही. बातम्यांचा गठ्ठा दाखवून कोणी म्हणेल, हाच आजचा अंक, तर तुम्ही मानाल का?

कोणी म्हणेल, हा पत्रकार उगाच शंका काढतो. मग मार्च २०२४ ची गोष्ट ऐका. जगभरातल्या लिनक्स सर्व्हरवर 'एक्सझेड' नावाचं एक छोटंसं सॉफ्टवेअर असतं, फायली दाबून लहान करण्याचं. त्याचा कोड संपूर्ण खुला. त्यात एका माणसाने, टोपणनावाने, दोन वर्षांहून अधिक काळ इमानदारीने मदत करून विश्वास कमावला आणि मग चोरदरवाजा बसवला. कसा बसवला ते नीट बघा. घातक माल चाचणीच्या फायलींमध्ये दडवून ठेवला. त्या फायली सगळ्यांसमोर होत्या, पण त्या उघडून बघतो कोण? आणि त्या फायलींना आत ओढणारी बिल्डची ओळ त्याने खुल्या कोडात ठेवलीच नाही. वाटपासाठी जे तयार पॅकेज निघत होतं, फक्त त्यात घातली. ती ओळसुद्धा ठरावीक प्रकारच्या लिनक्ससाठी बांधणी चालू असेल तरच जागी व्हायची. म्हणजे खुला कोड वाचत बसला असता तर तुम्हाला दरवाजा दिसलाच नसता. तो डमीत होता.

पकडला कोणी? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका इंजिनियरने. सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढंच त्याला खटकलं. तो मागे लागला, आणि २९ मार्च २०२४ ला त्याने जगाला सांगितलं. त्याला सोर्स कोडही मिळत होता, वाटलेलं पॅकेजही मिळत होतं आणि बिल्डची स्क्रिप्टही. म्हणून त्याला ताडून पाहता आलं. यातली एक जरी गोष्ट कुलपात असती, तर अर्ध्या सेकंदाला कोणी विचारलं नसतं.

आता आपल्या देशात या. आरोग्य सेतू आठवतं ना? २ एप्रिल २०२० ला आलं. गोपनीयतेवरून बोंब झाल्यावर २६ मे २०२० ला सरकारने अँड्रॉइड ॲपचा कोड खुला केला. चांगलं पाऊल होतं, मी तेव्हाही म्हटलं, आजही म्हणतो. पण सर्व्हरचा कोड त्यात नव्हता. आणि जाणकारांनी तेव्हाच विचारलं : लोकांच्या फोनमध्ये जे ॲप आहे ते नेमकं याच फायलींतून बांधलंय, हे कशावरून? पुढे ऑक्टोबर २०२० मध्ये तर कमालच झाली. हे ॲप कोणी आणि कसं बनवलं, असं माहिती अधिकारात विचारल्यावर राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने आपल्याकडे माहिती नाही असं कळवलं. ज्या संकेतस्थळावर त्या केंद्राचंच नाव होतं, त्याबद्दल! केंद्रीय माहिती आयोगाने नोटीस काढली, तेव्हा सरकारकडून खुलासा आला. कोट्यवधी लोकांच्या फोनमधलं ॲप कोणी बांधलं, हे कळायला आयोगाची नोटीस लागली.

वऱ्हाडात बसून याची चिंता कशाला करायची? सांगतो.

पूर्वी पीक पेऱ्याची नोंद तलाठी गाव नमुना बारामध्ये करायचा. चूक झाली तर तलाठ्याला गाठता यायचं, भांडता यायचं, तहसीलदाराकडे जाता यायचं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली आणि ती नोंद शेतकऱ्याच्या मोबाइलवर गेली. कल्पना वाईट नव्हती, नोंद शेतकऱ्याच्या हातात आली. २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस द्यायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी आली. लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे ॲपमध्ये नाव आहे की नाही, यावर ८,११० मिळणार की व्यापारी म्हणेल तो भाव, हे ठरायला लागलं. खाजगी बाजारात भाव पडलेला असला की एका क्विंटलमागचा हा फरक किती होतो, हे अकोट-दर्यापूरच्या माणसाला मी सांगायची गरज नाही.

आता एक साधा प्रश्न. शासन निर्णय निघाला की तो शासनाच्या संकेतस्थळावर दिसतो. तुम्ही वाचू शकता, वकिलाला दाखवू शकता, कोर्टात लावू शकता. पण शेतकऱ्याला प्रत्यक्ष लागू होतो तो जीआर नाही, ॲपमध्ये बांधलेला नियम लागू होतो. वावरापासून किती मीटरवर उभं राहून फोटो काढायचा, कोणत्या तारखेनंतर बटण बंद होणार, मिश्र पिकात कोणतं पीक मुख्य धरायचं, हे सगळं कोडात लिहिलेलं असतं. जीआर बदलला आणि नियमाची नवी फाइल लिहिली, पण बिल्डमध्ये गेली जुनीच, तर कायदा एक आणि मोबाइलचा कायदा दुसरा! आणि मोबाइलच्या कायद्याला अपील नाही.

एका शेतकऱ्याचं ऐकलेलं सांगतो. कोणतं ॲप, कोणतं ऑफिस ते मुद्दाम लिहीत नाही, कारण मुद्दा एका ऑफिसचा नाही. तो म्हणाला, "भाऊ, माह्या वावरात तूर उभी हाय, अन् मोबाइल म्हन्ते सोयाबीन हाय. आता मी वावराले खरं मानू का मोबाइलले?" ऑफिसात सांगितलं, दुरुस्ती झाली आहे, नवं व्हर्जन टाका. त्याने टाकलं. पुन्हा सोयाबीनच. चूक कोडात होती, सर्व्हरवर होती, की दुरुस्त फाइल बिल्डमध्ये गेलीच नव्हती? त्याला कळायला मार्ग नव्हता, मला नव्हता, आणि खरं सांगू का, त्या टेबलावरच्या कर्मचाऱ्यालाही नव्हता. तो बिचारा वरून आलेलं वाक्य खाली सांगत होता.

"कॉम्प्युटर चुकत नाही" या अंधश्रद्धेने काय होतं ते इंग्लंडने पाहिलं. तिथल्या पोस्ट खात्याने १९९९ पासून 'होरायझन' नावाची हिशेबाची प्रणाली आणली. तिच्यातल्या चुकांमुळे गावोगावच्या पोस्टमास्तरांच्या हिशेबात तूट दिसायला लागली. खातं वर्षानुवर्षं कोर्टात सांगत राहिलं की प्रणाली भरवशाची आहे. ९०० हून जास्त लोकांना चोर ठरवलं, काही तुरुंगात गेले, काहींनी घरदार विकलं. शेवटी मे २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून त्यांच्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. ते पोस्टमास्तर निदान इंग्रजीत पत्रं लिहू शकत होते. आपल्या मेळघाटातल्या माणसाने काय करायचं?

आता नेहमीचे आक्षेप येतील, त्यांची उत्तरं इथेच देऊन टाकतो.

"सगळं उघडं केलं तर हॅकर शिरतील." अहो, पासवर्ड आणि चाव्या कोडात ठेवायच्याच नसतात. त्या वेगळ्या ठेवतात. कोणत्या फायली घेतल्या याची यादी उघड केल्याने तिजोरी उघडी पडत असेल, तर ती तिजोरी आधीच कच्ची आहे. आणि एक्सझेडचा चोर सापडला तो सगळं उघडं होतं म्हणूनच.

"कंत्राटदार कंपनीचं व्यापारी गुपित आहे." माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ड) मध्ये व्यापारी गुपिताला संरक्षण आहे, खरं आहे. पण त्याच कलमात पुढे लिहिलंय की व्यापक जनहित असेल तर माहिती द्यावी. आमच्या पैशाने, आमच्या शेताची नोंद करायला बांधलेलं ॲप, यापेक्षा व्यापक जनहित आणखी कोणतं असतं? शिवाय सरकारी ॲपचा सोर्स कोड खुला करून त्यावर मिळून काम करण्याचं धोरण खुद्द केंद्र सरकारने २०१५ मध्येच काढलंय. स्वित्झर्लंडने तर त्याचा कायदाच केला. १ जानेवारी २०२४ पासून तिथल्या केंद्रीय कार्यालयांनी स्वतः केलेल्या किंवा करून घेतलेल्या सॉफ्टवेअरचा कोड खुला करायचा, ठरावीक अपवाद सोडून.

"शेतकऱ्याला कोडातलं काय कळतं?" हा आक्षेप मला सगळ्यात जास्त झोंबतो. शेतकऱ्याला जमीन महसूल अधिनियमही पाठ नसतो. म्हणून तो गुप्त ठेवता का? शेतकऱ्याला नाही कळलं तर त्याच्या पोराला कळेल. बडनेऱ्याच्या, अकोल्याच्या, शेगावच्या इंजिनियरिंग कॉलेजांतून दरवर्षी पोरं बाहेर पडतात आणि पुण्यात जाऊन हेच बिल्डचं काम करतात. फायनल इयरला तीच ती लायब्ररी मॅनेजमेंटची प्रोजेक्टं करण्यापेक्षा आपल्या जिल्ह्याचं ॲप बांधून तपासू द्या त्यांना.

आणि तपासता येतं बरं का. त्याला 'रिप्रोड्युसिबल बिल्ड' म्हणतात. तोच कोड, तीच बिल्ड फाइल, तीच अवजारं वापरून तुम्ही ॲप बांधलं तर ते अक्षरन् अक्षर सरकारच्या ॲपसारखं निघालं पाहिजे. शेवटी कंपनीची डिजिटल सही लागते, ती बाजूला ठेवून बाकीचं जुळवायचं. जुळलं तर विश्वास. नाही जुळलं तर प्रश्न. डेबियन नावाचं लिनक्स गेली दहा-बारा वर्षं या दिशेने काम करतंय. 'सिग्नल' या मेसेजिंग ॲपने अँड्रॉइडसाठी ही सोय २०१६ मध्येच दिली. म्हणजे हे चंद्रावरचं काम नाही.

(काही जण इथे ईव्हीएमचा विषय काढतील. आज तो विषय नाही. तुरीवर या.)

माझी मागणी एवढीच आहे. राज्य शासनाच्या प्रत्येक ॲपची आवृत्ती बाहेर आली की तिच्यासोबत चार गोष्टी जाहीर व्हाव्यात : सोर्स कोड, बिल्ड फाइल, मागच्या आवृत्तीपासून काय बदललं त्याची मराठीत नोंद, आणि कोणत्या अधिकाऱ्याने मंजुरी दिली त्याचं पदनाम. पेपरवर संपादकाचं आणि मुद्रकाचं नाव छापणं कायद्याने सक्तीचं आहे. चार रुपयांच्या अंकाला जबाबदार माणूस लागतो आणि लाखो शेतकऱ्यांच्या ॲपला लागत नाही?

नुसती पोस्ट लिहून होत नाही, म्हणून मी माहितीचा अर्ज टाकतोय. तुम्हीही टाका. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत हवा, म्हणून एका अर्जात एकच ॲप घ्या. नमुना असा :

१. सदर ॲपच्या सध्या वापरात असलेल्या आवृत्तीचा क्रमांक व ती तयार केल्याचा दिनांक.
२. सोर्स कोड व बिल्ड फाइल यांची मालकी कोणाकडे आहे, त्याबाबतच्या करारातील कलमाची प्रत.
३. सदर आवृत्ती ज्या बिल्ड फाइलने तयार केली तिची प्रत. समाविष्ट व वगळलेल्या भागांची यादी.
४. मागील १२ महिन्यांतील प्रत्येक आवृत्तीत केलेल्या बदलांची नोंद व मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम.
५. त्रयस्थ संस्थेने केलेल्या सुरक्षा तपासणीच्या अहवालाची प्रत.

बहुतेकांना नकार येईल. येऊ द्या. नकारात कोणतं कलम लावलंय ते बघा आणि पहिलं अपील करा. "माहिती उपलब्ध नाही" असं आलं तर ते उत्तर जपून ठेवा. ज्या खात्याकडे स्वतःच्या ॲपची बिल्ड फाइल नाही, त्या खात्याच्या हातात ते ॲप नाही, कंत्राटदाराच्या हातात आहे. ही तर त्याहून मोठी बातमी झाली.

पुढच्या वेळी "दुरुस्ती केली आहे" असं उत्तर आलं की मान हलवू नका. विचारा : दुरुस्ती केली हे ठीक, पण बिल्डमध्ये गेली का? कोणत्या आवृत्तीत, कोणत्या तारखेला?

पटलं तर कॉपी करून गावाच्या ग्रुपवर टाका. माझं नाव नाही टाकलं तरी चालेल, अर्ज मात्र टाका. उत्तर आलं की फोटो काढून मला पाठवा. जिल्हावार यादी करून इथेच लावतो.